आत्याने वाढवलेली उंची

माझी आत्या शाळेचे गणवेश शिवते. चाळीस वर्षं तेच शिवते आहे. कुणी लग्नाचा कोट किंवा पार्टीचा ड्रेस घेऊन आलं तर ती मान वर न करताच सांगते, "माझा हात वाढत्या अंगाचा आहे. वाढून झालेल्यांनी पुढच्या गल्लीत जावं." गिऱ्हाईक हसतं आणि पुढच्या गल्लीत जातं.

ती स्वतः चांगली ताडमाड आहे, हाडकुळी, गळ्यात कायम टेप. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून येतं आणि तिखटच येतं. पण हातात जादू आहे. ज्या मुलाचा एक खांदा उतरता आहे त्याच्या शर्टात ती आतून अशी पट्टी बसवते की त्याच्या आईलाही विसर पडावा. "अंगात काही उणं असलं तर कापडानं सांभाळून घ्यायचं," ती म्हणायची. "नाहीतर शिंपी कशाला हवा? गोणपाट गुंडाळा की."

हल्ली असं म्हणत नाही.

तिने माझ्या बाबतीत काय केलं हे ती येईल-जाईल त्याला सांगते. नवं गिऱ्हाईक आलं की दुसऱ्या चहाच्या आत त्याला ती गोष्ट कळलेली असते. पण ती सांगते ती अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी माझ्याकडे होती, आणि ती मी बावीस वर्षं मिठाची गुळणी धरून दाबून ठेवली. आज मी चौतीस वर्षांची आहे, चार फूट साडेनऊ इंच उंच आहे, आणि ही गोष्ट लिहिताना मला माझीच शरम वाटते आहे.

माझे वडील ट्रक चालवायचे, आठ-आठ दिवस घराबाहेर. आई पोस्टात पत्रं वेगळी करायच्या कामाला, सकाळी सहाला घराबाहेर पडायची. त्यामुळे मी वाढले ती आत्याच्या कापणीच्या टेबलाखाली, चिंध्या आणि रिकाम्या रिळांच्या राज्यात. तिचं दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, एक खिडकी, भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेले कागदी नमुने, आणि इस्त्रीचा तो जरासा करपट वास. मला ती 'पाऊणमीटर' म्हणायची. "हिला काय, पाऊण मीटरमध्ये आख्खी पोरगी झाकते." मलाही ते नाव आवडायचं. मला वाटायचं, कापड कमी लागणं हा माझा गुणच आहे.

आता स्कर्टचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्या शाळेचा स्कर्ट गडद निळा होता. कापड चिवट, सहज दोन-तीन वर्षं टिकायचं. शहाणा शिंपी अशा स्कर्टला खाली चांगली चार इंच दुमड ठेवतो. मुलगी वाढली की दुमड थोडी उलगडायची. वरचा भाग उन्हाने आणि धुण्याने विटलेला असतो, आणि उलगडलेला पट्टा नव्यासारखा गडद असतो. शाळा सुरू झाली की पहिल्याच दिवशी मुली एकमेकींचे पट्टे मोजायच्या. दोन पट्टे म्हणजे मोठी बाई. एक पट्टा म्हणजे ठीक. माझ्या स्कर्टला पट्टाच नव्हता. सातव्या वर्षी नव्हता, आणि एक ढालगज मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "हिला आईनं पिशवीत ठेवून दिली होती वाटतं सुट्टीभर."

मी घरी येऊन रडले. जेवले नाही, आत्याच्या टेबलाखाली जाऊन बसले ते आई कामावरून आली तरी बाहेर आले नाही. आत्याने खाली वाकून पाहिलं आणि मशीन परत सुरू केलं.

पुढच्या वर्षी शाळा उघडायच्या आदल्या रविवारी तिने सगळ्यांसमोर मला तो स्कर्ट घालायला लावला. स्कर्ट गुडघ्यावर चढला होता. "अगं बाई!" आत्या टाचण्या पडतील इतक्या जोरात ओरडली. "पोरगी वाढली की! बघ गं, सव्वा इंच!" आई हातातलं काम टाकून आली. वडीलही त्या दिवशी नेमके घरी होते, त्यांनी मला उचलून छताला लावलं. मग आत्याने दुमड उलगडली, टीप मारली, इस्त्री फिरवली. मला माझा पट्टा मिळाला.

युक्ती साधी होती. आदल्या दिवशी तिने स्कर्टची कमरेची पट्टी उसवली, सव्वा इंच कापड आत दुमडलं आणि पट्टी परत बसवली. म्हणजे स्कर्ट वरून आखूड झाला. मग खालून तेवढाच सोडला. स्कर्ट होता तेवढाच राहिला, मीही होते जवळजवळ तेवढीच राहिले, वाढला फक्त पट्टा.

आणि हे मला माहीत होतं. हीच ती माझ्याकडची अर्धी गोष्ट. त्या शनिवारी दुपारी मी टेबलाखालीच होते. तिला वाटलं मी झोपले आहे. कात्रीच्या टोकाने पट्टीचे टाके उसवले जातात तो आवाज मी झोपेतही ओळखते, आणि तेव्हा तर मी जागी होते. शिवाय नंतर वर्षभर कमरेपाशी ती जाड घडी मला टोचायची. टोचली की मी तिथे बोट लावून पाहायची आणि पोलकं खाली ओढून घ्यायची. मला पट्टा हवा होता. कुठून आला, याची चौकशी मला नको होती.

आठव्या वर्षी, नवव्या, दहाव्या, अकराव्या. चार वर्षं हा खेळ चालला. मधे नवा स्कर्ट आला, त्यालाही तेच. आईला अधूनमधून शंका यायची. आई भोळी होती, पण आंधळी नव्हती. "ताई, ही अजून रांगेत पहिलीच उभी असते हो. दोन वर्षांनी लहान पोरीसुद्धा हिच्यापुढं गेल्या."

"त्या घोड्या झाल्यात, त्याला ही काय करणार?" आत्या म्हणायची. "पट्टे बघ ना. तुझ्या डोळ्यांपेक्षा माझ्या टेपवर विश्वास ठेव. कापड खोटं बोलत नाही."

आई विश्वास ठेवायची. नणंद शिंपीण असताना पोरीची उंची भिंतीवर कोण मोजत बसतं?

बारावं लागायच्या जरा आधी शाळेत तपासणीला एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मला दोनदा मोजलं, वय तीनदा विचारलं आणि घरी चिठ्ठी दिली. मग मोठ्या दवाखान्यात गेलो. आई, आत्या आणि मी. तिथल्या डॉक्टर चष्म्यावरून बघणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "ही वाढत नाहीये हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"वाढत होती की!" आई म्हणाली. "दरवर्षी सव्वा-दीड इंच. मागच्या वर्षापर्यंत."

"कुठे लिहून ठेवलंय?"

"लिहिलेलं नाही. पण आमच्या घरातच शिंपीण आहे." आणि आईने पिशवीतून माझा स्कर्ट काढून टेबलावर पसरला. पुरावा म्हणून तो घरूनच आणला होता तिने. एका बोटाने तिने पट्टे दाखवले. "हा एक, हा दुसरा."

मी आत्याकडे पाहिलं. ती खिडकीकडे पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या आणि तरी ती बोलत नव्हती.

डॉक्टर गंभीर झाल्या. व्यवस्थित वाढणारी मुलगी एकदम थांबते तेव्हा मेंदूजवळच्या ग्रंथीत काही झालंय का हे आधी पाहावं लागतं, असं त्या म्हणाल्या. गाठ वगैरे. नसेलही, घाबरू नका, पण डोक्याचं स्कॅन करून घेऊ. मंगळवारची वेळ दिली.

'घाबरू नका' म्हटल्यावर कोण घाबरत नाही? ते चार दिवस आई नळ सोडून त्या आवाजाआड रडायची. वडिलांना फोन गेला, ते अर्ध्या वाटेवरून ट्रक दुसऱ्याच्या ताब्यात देऊन परत आले. आत्याने त्या आठवड्यात एका मुलाच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. आणि मी? मला गाठ म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं, पण माझ्या स्कर्टमुळे सगळे रडतायत एवढं कळत होतं. एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं. पण बोलले असते तर आई विचारणार, तुला कधीपासून माहीत होतं? मूग गिळून बसले.

मंगळवारी स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. नर्सने मला कानातलं काढायला सांगितलं. आईने एक काढलं, दुसरं तिला निघेना. तेव्हा आत्या उठली आणि समोरून जाणाऱ्या त्या डॉक्टरबाईंच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"बाई, ही फारशी वाढलीच नाही. चार वर्षं. नखभर वाढायची. स्कर्ट मी वाढवले."

डॉक्टरांना पहिल्यांदा कळेना. मग आत्याने आईच्या पिशवीतून तो स्कर्ट काढला, आतली घडी उलटी करून दाखवली, कशी उसवते, कशी दुमडते, सगळं सांगितलं. आवाज अगदी सरळ, गिऱ्हाइकाला माप समजावून सांगावं तसा. आई बाकावरून उठलीच नाही. माझं एक कानातलं तिच्या मुठीत होतं.

"म्हणजे ही एकाएकी थांबली नाही," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "ही पहिल्यापासूनच मागे आहे. आपण साप म्हणून भुई धोपटत होतो." त्यांनी आम्हाला परत तपासणीच्या खोलीत नेलं आणि या वेळी माझ्या पोलक्याची गळाबंद कॉलर उघडायला लावली. मान पाहिली, मानेवर खाली उतरलेले केस पाहिले, हात सरळ करायला लावून कोपर पाहिलं. "मान रुंद आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर कॉलर वर घेतली," आत्या म्हणाली.

"हात कोपरातून बाहेर वळतात."

"बाही तशी कापते मी. आतून पाऊण इंच जास्त."

"छाती आखूड आणि रुंद."

"चुण्या तिथेच सोडते. दिसत नाही." आणि इथे मात्र तिने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. "मी सगळं बघितलं होतं बाई. टेपनं मोजलं होतं. आणि सगळं झाकलं."

रक्ताची तपासणी झाली, तीन आठवड्यांनी निकाल आला. डोक्यात काही नव्हतं. टर्नर सिंड्रोम. डॉक्टरांनी नीट समजावलं. मुलींच्या पेशींमध्ये दोन एक्स गुणसूत्रं असतात, हिच्यात एकच आहे. हे जन्माआधीच ठरलेलं, कुणाच्या खाण्याने, वागण्याने झालेलं नाही. शाळेतली हुशारी शाबूत आहे. हृदय आणि किडनी एकदा तपासून घेऊ. वयात येण्यासाठी पुढे औषध लागेल. आणि उंचीसाठी वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन, रोज एक, हाडांची टोकं जुळून येईपर्यंत. तोवरच त्याचा उपयोग.

"हे आधी सुरू करता आलं असतं?" आईने विचारलं.

"लवकर आलेल्या मुलींना जास्त फायदा होतो, हे खरं."

"किती इंच गेले, बाई?" आत्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक मुलीचं वेगळं असतं. पण शिंपिणीला 'सांगता येत नाही' हे उत्तर चालत नाही. तिला आकडा लागतो. पुढे चार वर्षांनी माझी हाडं जुळली, मी चार फूट एकवरून चार फूट साडेनऊवर येऊन थांबले, तेव्हा तिने आकडा स्वतःच ठरवला. पाच फुटांना अडीच इंच कमी पडले. ते अडीच इंच तिने आपल्या डोक्यावर घेतले.

आई तिला एकदाच बोलली, पण जन्मभर पुरेल असं. इंजेक्शनची पेटी घरी आली त्या संध्याकाळी आईने ती आत्याच्या मशीनवर नेऊन ठेवली. "ताई, सुई तुमच्या हातातली. आता तुम्हीच टोचा."

ज्या बाईने दिवसाला हजारो टाके घातले तिला पहिल्या संध्याकाळी माझ्या मांडीत एक सुई घालवेना. तीनदा हात मागे घेतला. चौथ्यांदा टोचली आणि म्हणाली, "माफ कर गं." मग रोज. एक दिवस डावी मांडी, एक दिवस उजवी, संध्याकाळी सातला, आणि रोज ते तेवढंच वाक्य. मी काय करायची? पाय मागे घेऊन फ्रॉक खाली ओढायची आणि अभ्यासाला जायची.

सुरुवातीला भीतीने गप्प होते. आईने आत्याशी जे केलं ते माझ्याशीही करेल, अशी भीती. पण खरं सांगायचं तर पुढे भीती राहिली नाही, सवय राहिली, आणि सवयीत फायदा होता. आत्या मला नाही म्हणत नसे. हवा तो फ्रॉक, हवी ती बटणं, चूक माझी असली तरी बाजू माझी. सगळ्या घराने आत्याच्या डोक्यावर खापर फोडलं होतं आणि मी त्या खापराच्या सावलीत मजेत बसले होते. 'पाऊणमीटर' म्हणणं तिने कायमचं सोडलं, त्याचंही मला फारसं काही वाटलं नाही. माझं शिक्षण झालं, चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचं काम मिळालं, ते मी चांगलं करते. ठेंगणी आहे, पण दुकानातलं उंच स्टूल माझ्या मालकीचं आहे आणि त्यावर दुसरं कुणी बसलेलं मी खपवून घेत नाही. आई गेली त्यालाही सहा वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत आईने आत्याचा हात धरला होता, पण 'माफ केलं' म्हणाली नव्हती.

आत्याला मात्र एक वेडच लागलं. गणवेश शिवायला आलेल्या प्रत्येक मुलाची उंची ती वहीत लिहिते, तारखेसकट. पुढच्या वर्षी परत मोजते, आणि कमी वाटली की आईबापांना धरते. "वर्षात एवढीच? डॉक्टरकडं ने आधी, मग शिवायचं बघू." लोक वैतागतात. दोन शाळांची गिऱ्हाइकं या एका वहीपायी गेली.

मागच्या महिन्यात मी कामावरून येताना तिच्या दुकानात डोकावले. समोर एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. आत्याने मागे लागून लागून तिला दवाखान्यात पाठवलं होतं, आणि मुलीच्या गळ्यातली ग्रंथी नीट काम करत नाही असं निघालं. साध्या गोळ्या, आता मुलगी वाढायला लागली होती. बाईच्या डोळ्यांत पाणी. "तुमच्यामुळे वेळेत कळलं हो."

आत्या माझ्याकडे हात करून म्हणाली, "एका पोरीचं वाटोळं केलं मी, म्हणून कळतं."

ती बाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागली. खालपर्यंत पोचायला तिला वेळ लागला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई निघून गेल्यावर मी आत येऊन दार लोटून घेतलं.

"वाटोळं? कुणाचं वाटोळं झालंय आत्या? मी काय रस्त्यावर पडले आहे?"

"तसं नाही गं. अडीच इंच..."

"अडीच इंच, अडीच इंच! पुरे झालं. आणि मला माहीत होतं!"

ती मशीनचं चाक हाताने धरून थांबली. "काय माहीत होतं?"

मग मी सगळं सांगितलं. टेबलाखालून ऐकलेले टाके, कमरेची घडी, त्या घडीवरून खाली ओढलेलं पोलकं. पहिल्या वर्षापासून. मला वाटलं होतं, हे ऐकून तिचं ओझं उतरेल. इतकी वर्षं मी मनात तिला हे सांगत आले होते आणि मनातल्या आत्याला प्रत्येक वेळी हलकं वाटायचं.

खऱ्या आत्याने चष्मा काढला. तिचा चेहरा इतका म्हातारा मी कधी पाहिला नव्हता.

"चार दिवस तुझी आई रडत होती," ती म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

"आणि बाकावर?"

"हो."

"रोज सुई टोचायचे तेव्हा?"

मी मान डोलावली. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क आहे असं वाटेना.

"मग मला एकटीला का उभं केलंस तिथं?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुला शिक्षा झाली नसती गं. लहान होतीस. नुसतं माझ्या शेजारी येऊन उभी राहिली असतीस..."

माझ्याकडे उत्तर एकच होतं, बारा वर्षांच्या मुलीचं. "तू मोठी होतीस आत्या. मला वाटायचं, मोठ्यांना एकटं चालतं."

आत्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"नाही गं चालत," ती म्हणाली.